तंबूगाडीत गादी नाही

(सेम्बावांगला मनोहरचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात त्याच्या मित्राची, मुकुलची, जुनी तंबूगाडी उभी आहे. दोन चाकांवरची एक पेटी. झाकण उचललं की दोन्ही बाजूंनी झोपायच्या फळ्या बाहेर सरकतात आणि वर कॅनव्हासचा तंबू ताणता येतो. शनिवारची दुपार. मुकुल आत वाकून स्क्रू काढतो आहे आणि त्याची बायको मेधा बाहेरून त्याची उलटतपासणी घेते आहे.)

मेधा : आणि पडदे?

मुकुल : तेही काढले.

मेधा : मी शिवलेले?

मुकुल : दुसरे कुठले असणार? वजन वाढत होतं.

मेधा : पडद्यांचं वजन! अरे, तुझ्या खिशातल्या किल्ल्या जड असतील त्यापेक्षा.

मुकुल : थोडं थोडं करूनच वाढतं. आणि गादीचं म्हणशील तर ती मी विचार करूनच काढली.

मेधा : गादीचं मी नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

मुकुल : तो तिकडचा पाना दे.

मेधा : घे. मला एक कळू दे. शेजारचा तो ऑस्ट्रेलियन म्हातारा परत जाताना ही गाडी आपल्या गळ्यात मारून गेला, तेव्हा हिचा तळ कुजला होता आणि कॅनव्हासला बुरशी होती. तू तळ नवा घातलास. तंबू मी शिवला, मशीनच्या सुया मोडल्या तरी शिवला. मग तू हौसेने गादी आणलीस, पंखा लावलास, दिवा लावलास, चहाची शेगडी बसवलीस. मी सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या अकाउंटंटच्या अंगात सुतार आला. आणि आता महिनाभर बघतेय, दर शनिवारी तू एकेक वस्तू काढून टाकतोयस. लोकांचं घर वर चढतं, तुझं उतरतंय.

मुकुल : कॅम्पिंगला जायचंय, मेधा. हॉटेलात नाही.

मेधा : परवा मनोहरचा फोन आला होता. म्हणाला, वहिनी, घरी काही भांडण झालंय का? मुकुल भर दुपारी इथे येतो, तंबू बंद करून नुसत्या फळीवर झोपतो. पंखा नाही, काही नाही. उठतो तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा ओला. विचारलं तर म्हणतो, टेस्टिंग.

मुकुल : मनोहरला काही पोटात ठेवता येत नाही.

मेधा : मी सांगितलं त्याला, भांडण झालं असतं तर मी गादीसकट बाहेर काढलं असतं. इतकी काही दुष्ट नाही मी.

निहार : कोणाला बाहेर काढतेयस, आई?

मेधा : आलास? तुझ्या बाबाला. जेवण आणलंस?

निहार : नासी लेमाक. बाबाचं चिलीशिवाय, because बाबाला चिली बघूनच घाम येतो. एह, गादी कुठेय?

मेधा : विचार त्याला.

निहार : फॅन पण नाही? बाबा, हे काय, जेल बांधलंस? लास्ट टाइम इथे चार्जिंग पॉइंट होता. I was looking forward to the चार्जिंग पॉइंट.

मुकुल : नसेल तर काय बिघडतं? जरा सवय कर.

निहार : कसली सवय? पुढच्या शनिवारी मनोहर अंकलच्या लॉरीवर टाकून देसारूला न्यायची, एक रात्र बीचवर झोपायचं, रविवारी परत. एका रात्रीची कोण सवय करतं?

मुकुल : एका रात्रीचं नाही म्हणत मी.

मेधा : मग?

मुकुल : काही नाही. जेवण गार होईल.

मेधा : मुकुल, तो पाना खाली ठेव आणि बोल.

मुकुल : बोलायचं काय त्यात? शनिवारी देसारू. त्याच्या पुढच्या मंगळवारी हा आर्मीत जाणार. सक्तीची दोन वर्षं. हा जमिनीवर झोपणार, उकाड्यात, डासांत, आणि मी घरी एसीत? मला निदान कळायला तरी नको, कसं वाटतं ते?

निहार : वेट. त्यासाठी तू गादी काढलीस?

मुकुल : मला जमत नाही. प्रामाणिकपणे सांगतो. तास दीड तास होतो आणि उठावंसं वाटतं. पाठ धरते. मी उठतो आणि घरी येतो. तुला उठून घरी येता येणार नाही.

निहार : बाबा, तुला हे कोणी सांगितलं की दोन वर्षं जमिनीवर?

मुकुल : आर्मी म्हणजे तंबूच. मी कॉलेजात एनसीसीचा कॅम्प केलाय. एक सतरंजी, आणि बुटात विंचू.

मेधा : विंचू दर वेळी मोठा होतो हं तुझा.

निहार : तेकाँगला, त्या ट्रेनिंगच्या बेटावर, बिल्डिंग आहे, लाह. बंकमध्ये बेड असतो. गादी असते. वर फॅन असतो, तुझ्या त्या फॅनपेक्षा मोठा. मागच्या वर्षी गेलेल्या अनीशने फोटो दाखवलेत मला. जंगलात झोपायचं फक्त फील्ड कॅम्पला, ते थोडेच दिवस. आणि सुरुवातीचे आठवडे गेले की वीकेंडला घरी सोडतात.

मुकुल : गादी असते?

निहार : बेस्ट नसेल. पण असते.

मेधा : देवा. महिनाभर हा माणूस फळीवर पाठ मोडून घेत होता आणि आमचे चिरंजीव तिकडे गादीवर लोळणार.

मुकुल : हस. हस तू.

मेधा : हसू नको तर काय करू? शाळेत पालकांना बोलावून सगळं सांगितलं होतं. मी होते. तुझी मीटिंग होती म्हणून तू आला नाहीस. नंतर मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

मुकुल : म्हणूनच विचारलं नाही. तू सांगितलं असतंस आणि मग ते खरंच होणार आहे हे मला कळलं असतं. मीटिंग नव्हती. खाली कॉफी घेऊन बसलो होतो.

मेधा : मला माहीत होतं.

मुकुल : हा चार वर्षांचा होता. आपण इथलेच नागरिक व्हायचं ठरवलं, मी तर फार आग्रह धरला होता. चांगली शाळा, चांगलं घर, सगळं मला हवं होतं. त्याची किंमत हा देणार, हे मला तेव्हाही माहीत होतं. याला कोणी विचारलं नाही.

निहार : चार वर्षांच्या मुलाला विचारून काय मिळालं असतं? मी सांगितलं असतं, डायनोसॉर पाहिजे.

मुकुल : निहार.

निहार : नाही, सीरियसली. माझ्या क्लासमधली सगळी मुलं जातायत. मी नाही गेलो तर मी वेगळा. मला वेगळं नाही व्हायचंय. मला थोडी भीती वाटते, ओके? पण तू वाईट केलंस असं नाही वाटत.

मेधा : त्याला त्या दिवसाचं सांग.

निहार : आई, नको.

मेधा : सांग. मला रोज सांगतोस ना, मग याला सांग.

निहार : मंगळवारी फॅमिलीला घेऊन जातात फेरीने. बेड दाखवतात, एकत्र जेवण असतं. मग तुम्ही लोक परत. आई म्हणाली, तुझं ऑडिट आहे, तू येणार नाहीस.

मुकुल : ऑडिट आहे.

मेधा : हेही कॉफीसारखंच ऑडिट का?

मुकुल : नाही, हे खरं आहे. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात सगळे बसणार आहेत. पण खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं होतं. मी तिथे रडेन, मेधा. याच्या सगळ्या मित्रांसमोर. परत फिरताना तर नक्कीच.

निहार : रड ना. मी ओळख दाखवणार नाही, डोंट वरी.

मुकुल : चेष्टा नको करूस.

निहार : चेष्टा नाही करत. तू रड, काय पाहिजे ते कर. पण ये. मी आत जाताना मागे बघीन, तेव्हा तू दिसायला पाहिजेस.

मेधा : मुकुल, नासी लेमाकवर माशी बसतेय.

मुकुल : हं. सोमवारी गेल्या गेल्या बॉसला विचारतो, त्या मंगळवारचं माझं काम दुसऱ्या कोणाकडे देता येईल का.

मेधा : विचारू नकोस. सांग.