बिनजोडीच्या बायांची टोळी

लिहा, माझं नाव गंगाबाई. माहेर देगलूरकडलं, घरात अर्धं तेलगू अर्धं मराठी, माय तेलगूत लाड करायची आन बाप मराठीत रागवायचा, तशी वाढले मी. लगीन होऊन इकडं लातूरकडं आले तर सासू शेजारनीला म्हनली, ही सून काय बोलून राहिली ते देवालाच ठावं. मोठ्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली, खडी फोडली, ते समद्यांनीच केलं, त्याचं काय सांगायचं नवं. नवरा कामाला म्हनून हैदराबादेला गेला, दोनदा आला, मंग आलाच न्हाई. मी लई वाट बगितली, मंग वाट बगायचं सोडलं, पोट काय वाट बगतंय का.

मंग लातूरचा जिल्हा झाला. आदी आमी उस्मानाबादेत, कागदाला तिकडं जायाचं तर दिस मोडायचा. जिल्हा झाला आन काय सांगू तुमाला, लातूरला बाजाराला गेलं की जिकडं बगावं तिकडं नव्या भिंती उठून राहिलेल्या, हापिसं, जीपा, रस्त्याला डांबर, माझे डोळे फिरले. म्हनलं, येवढा पैका सरकारनं कुठं ठिवला व्हता इतके दिस. आन त्याच टायमाला पाऊस पुन्ना रुसला, वाऱ्यासंगं नुसती धूळ. तवा आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. रोजगार हमीचं काम. जो मागंल त्याला काम म्हनले. मी म्हनलं मी मागते, मला द्या.

पन कामावर जोडी लागायची. गडी कुदळीनं खांदनार, बाई टोपल्यात माती भरून बांधावर नेनार, अशी रीतच व्हती, नवरा-बायको नायतर बाप-लेक. कारकून म्हनला, बाई, तुजा गडी कुठाय? मी म्हनलं, हैदराबादेला. तो हासला, म्हनला, मंग तितंच जा खांदायला. मी रडत न्हाई सहसा, त्या दिवशी रडले. शेजारची मेहरूनबी व्हती, तिचा नवरा गावातल्या मालकाचा सालगडी, तो मालकाच्या शेतात बांधलेला, त्यो कुठून येनार कामावर. म्हंजी तीबी बिनजोडीची. ती मला म्हनली, गंगे, रडती कावून, तू खांद, मी वाहते, दुपारून मी खांदते, तू वाहा. दुसऱ्या दिवशी कारकुनापुढं दोघी उभ्या राह्यलो. म्हनलं, ही बगा जोडी. त्यानं कागदाकडं बगितलं, आमच्याकडं बगितलं, आन म्हनला, बरं, बगू खांदून.

खांदलं की! आमचं बगून ज्यांचे नवरे गेले, मेले, दारूत पडले अशा समद्या बाया आल्या, आमची टोळीच झाली, बिनजोडीच्या बायांची टोळी, आन मी तिची मुकादम. हजेरीला मी नावं सांगायची, कुनी आजारी पडलं तर मीच कारकुनाशी भांडायची, बाजाराच्या दिवशी टोळीची मजुरी माझ्या हातात यायची, मी ज्याचं त्याला वाटायची. टोळीच्या वतीनं म्होरं व्हायची ती मीच. आन तो बांध! सकाळी धुळीतनं बगितलं की मान्सं मुंग्यावानी वर चढून राहिलेली, आन बांध रोज इतका इतका वर येतोय. आमच्याच डोक्यावरनं गेलेली माती ती, पन बगून माझ्या अंगावर काटा यायचा. ह्ये आमी करून राहिलो? आमी?

आता मालकाचं सांगते. लई जमीन, गावचा सरपंच तोच, त्याच्या आदी त्याचा बाप, पंचायतीला कदी मतं पडलीच न्हाईत, बिनविरोध व्हायची. त्याच्या शेतात गेलं की तो दील ते घ्यायचं, शिळं असलं तरी पदर पसरायचा. काम निघालं आन त्याच्या शेतात कुनी जाईना. सरकारची मजुरी रोख, वर कुनाची शिवी न्हाई, मंग कोन जातंय. मालक तालुक्याला गेला, म्हनला, गावात मजूर न्हाई, शेती पडिक पडंल, काम बंद करा. तिथं काय झालं मला म्हाईत न्हाई, पन वापस येऊन पारावर बसून म्हनला, पंचायतीची मतं होऊन जाऊ द्या, पयल्या दिवशी ठराव करतो आन ते काम बंद पाडतो, मंग बगतो ह्या बाया कुठं जातात. गड्यांना कुठंबी काम भेटंल, सोलापूर हाय, हैदराबाद हाय. आमच्या टोळीला त्या तलावाबिगर दुसरं दारच नव्हतं.

तर त्या साली आमच्या वार्डात मालकाच्या इरोधात वामन शिंपी उभा राह्यला. कोन वामन, तर एक पाय आखूड, मशीन चालवनारा, घाबरट मानूस. तो सोताच म्हनायचा, बाई, मी पडनारच हाय, पन काम चालू राहावं असं कुनीतरी म्हनाय पायजे ना.

मतांचा दिवस आला. काम चालूच व्हतं. मी काय केलं, बाया म्हनल्या काय करायचं, तर मी म्हनलं, तुमी माती वाहत राहा, दिवस कशाला मोडता, मी मुकादम हाय ना, मी जाऊन टोळीची समद्यांची मतं टाकून येते. हासू नका. आमाला खरंच तसं वाटलं, मोठ्या मतांना आमच्या वतीनं मालकाचीच मान्सं जाऊन यायची. मजुरी मीच आनायची, मंग मतबी मीच टाकनार की, त्यात काय. शाळेत गेले. मालकाची मान्सं दारात खुर्च्या टाकून बसलेली. आत साहेब बसलेला, नाव इचारलं. म्हनलं, मी टोळीची मुकादम, द्या आमच्या समद्यांची मतं. आरं, शाळा हासली! दारातले तर मांड्या थोपटून हासले. साहेब मातर हासला न्हाई, बिचारा चांगला व्हता. म्हनला, बाई, तुमचं एक मत, ते तुमी टाका. त्यांचं त्यांच्यापाशी, त्यांनी येऊन टाकायचं. दुसऱ्याचं कुनालाच टाकता येत न्हाई.

मी म्हनलं, कुनालाच? तर म्हनला, कुनालाच. मंग माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, साहेब, मालकाला किती?

साहेब म्हनला, एक.

काय सांगू तुमाला, दारातलं हासनं बंद झालं. मला तर पायाखाली जमीन हाय का न्हाई कळंना. येवढी जमीन, येवढे बैल, येवढी मान्सं, आन एक? आन मलाबी एक? मी शिक्का मारला, बोटाला शाई लागली, ते बोट तसंच वर धरून मी तलावाकडं पळत सुटले. बायांना म्हनलं, चला, ज्याचं त्यानं टाकायचंय. कुनाला टाका ते म्या सांगितलं न्हाई, खरं सांगते, त्या दिवशी मला ते सांगायची भीतीच वाटली, देवळात दुसऱ्याचा हात धरून नमस्कार घालावा का कुनी? टोपली तितंच टाकून निघाल्या समद्या, डोक्यापासून पायापत्तुर माती, तशाच रांगेत उभ्या राह्यल्या. मेहरूनबीबी व्हती. तिचा नवरा मालकाच्या घरचा, झोपडी मालकाच्या जागंत. ती माझ्याकडं न बगता आत गेली आन न बगता भाईर आली.

मालक पडला. वामन शिंपी निवडून आला आन भ्याला, घरात जाऊन बसला, मंग आमी त्याला भाईर काढला. काम बंद पडलं न्हाई. बांध पुरा झाला, पुढल्या सालच्या पावसात पानी थांबलं, हिरीला पाझर लागला. आन मालक? पुढच्या मतांना तोच मालक लातूरला चकरा मारून रस्त्याचं काम घेऊन आला, आन माझ्या दारात येऊन म्हनतो, गंगाबाई, तुमच्या टोळीला काम आनलंय. तुमच्या! मला जल्मात त्यानं ए शिवाय बोलावलं नव्हतं. सरकारनं माती वाहायला पैका दिला आन बगा, मोठ्या मान्साची जीभ वळली. तवापासून मतं आली की काम येतं, आता तर पैका सरळ खात्यात येतो. कुनी म्हनतं ह्ये मतासाठी हाय. असंल. मी घेते. आन मत माझं मी टाकते.

आता टोळीतल्या दोघीच राह्यलोत, मी आन मेहरूनबी. तिला धूसर दिसतं. मतांच्या दिवशी मीच तिचा हात धरून शाळेत नेते. तिथली पोरगी म्हनती, आजी, तुमी संगं आत जा, त्यांचं बटन तुमी दाबा, चालतं तसं. मी म्हनते, न्हाई माय, तिचं तिला दाबू दे. तवा मालक पडला त्यात तिचं मत व्हतं का नव्हतं, मी आजवर इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई, एका ताटात जेवतो आमी. दारापाशी मी हात सोडते. ती चाचपडत आत जाते. आत मशीन टीं वाजलं की मी भाईरूनच हात जोडते. तुमाला देव सुखी ठिवो, लिहिलं का समदं?