कच्चा टाका

सून: कशालाही हात लावू नका, आई. माउसलासुद्धा नाही. आधी नीट सांगा काय झालं ते.

सासूबाई: काय व्हायचंय! तुझ्या सासऱ्यांनी माझं नाटक केरात टाकलं.

सासरे: केरात नाही टाकलं. केर काढला. फरक आहे.

सासूबाई: ऐकलंस? तासाभरात सगळी नाटकमंडळी वाचनाला दारात उभी राहतील, आणि हे मला फरक समजावतायत.

सून: फोन स्पीकरवर ठेवा. मी मीटिंग सोडून जिन्यात आलेय. बाबा, तुम्ही सांगा. काय काय डिलीट केलंत?

सासरे: हे बघ. नाटक एक. बरोबर? ‘उलटी बाजू’. आणि फोल्डरमध्ये ‘उलटी बाजू’ नावाच्या पाच फाइली! एकीच्या नावापुढे टिंब, दुसरीच्या शेपटीला भलतीच अक्षरं, एकीच्या शेवटी नागमोडी रेघ. मी जन्मभर कारखान्याचं भांडार सांभाळलं. एका वस्तूला एक खण. पाच खणांत एकच वस्तू म्हणजे गोंधळाला आमंत्रण. एक ठेवली, चार काढल्या.

सून: कुठली ठेवलीत?

सासरे: नागमोडी रेघेची.

सून: तीच का?

सासरे: म्हटलं, कोणीतरी मुद्दाम खूण केलीय, म्हणजे चांगली असणार.

सासूबाई: म्हणजे वरची नक्षी बघून आतला माल पसंत केला. भांडारात हेच करत होतात का?

सून: बाबा, ती जुनी प्रत आहे. आई सेव्ह करतात तेव्हा एडिटर, म्हणजे त्यांचं लिहायचं सॉफ्टवेअर, आधीचा मजकूर बाजूला ठेवून देतो, असावा म्हणून. ती जुनी प्रत. बाकीच्या कचऱ्याच्या डब्यात असतील ना अजून?

सासरे: भरलेला डबा घरात कोण ठेवतं? रिकामा केला.

सून: हं. आई, नाटक अजून स्क्रीनवर दिसतंय?

सासूबाई: दिसतंय की. जसंच्या तसं. म्हणून तर डोकं फिरायची वेळ आलीय. मी म्हणते, दिसतंय म्हणजे आहे. हे म्हणतात, फोल्डरमध्ये नाही म्हणजे नाही. तुझ्याच कंपनीचं एडिटर हे, तूच सांग. आहे की नाही?

सून: आहे. पण फक्त मेमरीत आहे. फाइल उघडली की एडिटर ती उचलून मेमरीत आणतो. तुम्ही टाइप करता, खोडता, ते सगळं तिथे चालतं. कपाटातल्या, म्हणजे डिस्कवरच्या फाइलीला त्याचा पत्ताही नसतो. सेव्ह म्हटलंत की मगच ते कपाटात जातं.

सासूबाई: आणि नाही म्हटलं तर?

सून: तर मशिन बंद पडलं की सगळं गेलं. म्हणून एडिटर जवळच एक लपवलेली फाइल ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने तुमचे बदल तिच्यात उतरवत राहतो. तात्पुरती असते ती. नीट बंद केलंत की तो स्वतःच ती पुसून टाकतो.

सासूबाई: अगं, मग कच्चा टाका म्हण ना सरळ! पक्की शिलाई मारेपर्यंत कापड सरकू नये म्हणून टाचून ठेवायचं, आणि शिलाई झाली की दोरा ओढून काढायचा.

सून: अगदी तेच.

सासूबाई: आणि ह्यांनी शिलाईच्या आधीच दोरा ओढला.

सासरे: मला काय माहीत तो दोरा होता? दोऱ्यासारखा दिसत नव्हता.

सून: घाबरू नका, मेमरीतलं शाबूत आहे. चार्जर लावलाय ना?

सासूबाई: लावून काय करू? वीज कुठेय? खाली रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली. सकाळपासून नाही.

सून: अरे देवा. बॅटरी किती आहे?

सासरे: लाल झालीय. काडीएवढी उरलीय.

सून: आई, कंट्रोल धरून एस दाबा. आत्ता. बाकी सगळं मागाहून बोलू.

(सासूबाई हात मागे घेतात.)

सून: आई? दाबलंत?

सासरे: हात मांडीवर ठेवून बसलीय.

सून: आई, काय झालं?

सासूबाई: ती नागमोडीवाली आहे ना, तिच्यात नाटक पूर्ण आहे का गं? पहिल्यापासून शेवटपर्यंत?

सून: असेल. पण जुनं. तुम्ही शेवटचं सेव्ह कधी केलं होतंत?

सासूबाई: थंडी होती तेव्हा. स्वेटर घालून बसले होते, एवढं आठवतंय.

सून: आई! आता पंखे लागलेत! आणि तेव्हापासून?

सासूबाई: झाकण लावते, झाकण उघडते. असतं की ते तिथे. दोन-तीनदा मशिन पार बंद पडलं, तर परत उघडल्यावर त्यानंच विचारलं, राहिलेलं परत आणू का? मी म्हटलं, आण.

सून: म्हणजे इतके महिने अख्खं नाटक कच्च्या टाक्यावर उभं आहे. आणि दर वेळेचा जुना दोरा तसाच मागे राहिला, म्हणून बाबांना पाच फाइली दिसल्या. आता तरी दाबा.

सासूबाई: राहू दे. जुनं पूर्ण आहे ना, तेच वाचू आज.

सून: राहू दे? का पण?

सासूबाई: तुला कसं सांगू. जुन्यात काय आहे, प्रयोग संपतो, कपडे शिवणारी ती बाई विंगेतला दिवा मालवते आणि घरी जाते. सुटसुटीत. कोणाला काही त्रास नाही. नव्यात मी जरा वाहवत गेले. मंडळी हसतील मला. इतकी वर्षं त्यांची बटणं लावली, उसवलेलं शिवलं, तोंडात टाचण्या धरून गप्प बसले. आता मीच त्यांना वाक्यं देणार?

सून: त्यांनीच बोलावलंय ना वाचन? तुम्ही नाही बोलावलं.

सासूबाई: कौतुकानं बोलावलंय. कौतुक वेगळं. सेव्ह केलं की ते कायमचं झालं. आत्ता कसं, आहे पण आणि नाही पण. बॅटरी गेली तर गेली, माझ्यावर बोल नाही.

सासरे: माझ्यावर येईल की मग!

सासूबाई: तुमच्यावर आहेच. एकानं वाढलं तर काय बिघडलं?

सून: थांबा, थांबा. बाबा, एक विचारायचंय. ती तात्पुरती फाइल लपवलेली असते. फोल्डर उघडल्यावर सहजासहजी दिसत नाही. तुम्हाला कशी सापडली?

सासरे: ‘लपलेलं दाखवा’ असं बटण आहे तिथे.

सून: बटण आहे. पण लपलेलं काही आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सासरे: तुझी मीटिंग खोळंबली असेल, नाही का?

सून: बाबा. एक संदेश आला होता का? ‘ही फाइल दुसऱ्या खिडकीत उघडलेली आहे, जवळच तात्पुरती फाइल सापडली, नको असल्यास काढून टाका’?

सासरे: …आला होता.

सून: कधी?

सासरे: रोज येतो.

सासूबाई: रोज? रोज कसा? अगं, मला तर कधी असा संदेश आला नाही!

सून: तो तुम्हाला येणारच नाही, आई. तुमची खिडकी उघडी असताना दुसऱ्या कोणीतरी तीच फाइल पुन्हा उघडली, तरच येतो.

सासूबाई: अहो!

सासरे: दुपारी तू पडतेस ना जरा. तेव्हा. तुझ्या खिडकीला हात लावत नव्हतो. शेजारी वेगळी उघडून वाचायचो, आणि बंद करायचो. तर ते मेलं रोज दटावतं, आधीच उघडलेली आहे, आधीच उघडलेली आहे. आज म्हटलं मंडळी यायची, तिच्या हातून चुकून काही नको व्हायला. काढून टाका म्हणतंय, तर टाकूया काढून.

सासूबाई: माझं नाटक वाचत होतात? चोरून?

सासरे: विचारलं असतं तर दाखवलं असतंस?

सासूबाई: नसतं दाखवलं.

सासरे: मग?

सून: पण बाबा, तुमच्या खिडकीत तुम्हाला दिसत होती ती कपाटातली प्रत. थंडीतली. रोज तेच वाचलंत तुम्ही.

सासरे: असं होय! तरीच! अगं, मी चिंतेत. ही रोज तासन्‌तास खटखट करतेय आणि नाटक एक ओळ पुढे सरकत नाहीये. मला वाटलं, अडकली बिचारी. विचारू कसं? विचारलं तर वाचतो ते कळणार. म्हणून मग चहा करून आणून ठेवायचो, एवढंच.

सासूबाई: म्हणून तो चहा! मी म्हटलं, ह्यांना एकाएकी काय झालंय. डॉक्टरकडे न्यावं का म्हणत होते.

सून: आई, बॅटरी…

सासूबाई: थांब गं. अहो, मग कसं वाटलं?

सासरे: मी काय सांगणार? मला नट-बोल्टांतलं कळतं.

सासूबाई: महिनोन्‌महिने तेच तेच वाचलंत ना? मग सांगा.

सासरे: चांगलं आहे. हसलो. दोनदा डोळे पुसले, चष्मा धुरकटला असं स्वतःला सांगितलं. फक्त शेवट… शेवट नाही पटला.

सासूबाई: का?

सासरे: ती बाई घरी का जाते? सगळं नाटक तिनं शिवलेलं. राजाचा अंगरखा तिचा, राणीचं सगळं तिचं. आणि लोक टाळ्या वाजवत असताना ही दिवा मालवते? मला रोज राग यायचा. तुझा नाही, तिचा. रोज वाटायचं, आज तरी बदलला असेल शेवट. रोज बघायचो, आणि रोज ही आपली निघाली घरी!

सून: आई, बाबांचा शेवट तुमच्या मेमरीत आहे हो.

सासूबाई: कळतंय मला ते.

सासरे: अगं, दाब ना मग! ती काडी पण दिसेनाशी झालीय. मला जन्मभर ऐकवायचं तर ऐकव, पण आधी दाब.

सासूबाई: दाबलं.

सून: खाली काही आलं?

सासूबाई: ‘फाइल लिहिली’ असं आलंय. बस? एवढंच?

सून: एवढंच. आधी त्यानं सगळं एका नव्या फाइलीत लिहिलं, पूर्ण लिहून झाल्याची खात्री केली आणि मगच तिला खरं नाव दिलं. मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही राहू नये म्हणून.

सासरे: हे आवडलं मला. नवा माल मोजून आत घेतल्याशिवाय जुना हलवायचा नाही. तुझं एडिटर भांडारात नोकरीला चाललं असतं.

सून: आता लगेच ती फाइल मला पाठवा, फोनच्या इंटरनेटवरून. मशिन बंद पडायच्या आत. मी मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर धाडते, म्हणजे विजेची वाट बघायला नको… आली. बाबा, एक वचन द्या. ह्यापुढे फोल्डरची साफसफाई नाही.

सासरे: नाही. पण रोज रात्री तिनं सेव्ह केलं की नाही, ते विचारलेलं चालेल ना?

सून: धावेल. जाते मी, आत सगळे खोळंबलेत. आई, वाचताना घाई करू नका.

सासूबाई: जा बाई. जेवलीस का तू? ठेवला वाटतं फोन. अहो, हे बंद पडलं.

सासरे: पडू दे. आता पडू दे. मला एक सांग, ती घरी जात नाही, मग करते काय?

सासूबाई: टाळ्या चालू असतात. राणी झालेली नटी विंगेत येते आणि तिचा हात धरून ओढते. ही नको नको म्हणत बाहेर येते. गळ्यात टेप, हातात सुई तशीच. समोर सगळा उजेड. तिला कोणी दिसत नाही. पहिल्या रांगेत एक माणूस उठून उभा राहिलेला असतो, तेवढा दिसतो.

सासरे: कोण?

सासूबाई: तिचा नवरा. आणखी कोण?

सासरे: मी कुठे कधी आलो? एका प्रयोगाला नाही. प्रयोग संध्याकाळचे, आणि माझी पाळीही तेव्हाचीच.

सासूबाई: नाटक आहे हो ते. नाटकात सगळ्यांना सुटी मिळते. जिन्यात आवाज येतोय. आले वाटतं. जा, दार उघडा. असे बघत काय उभे राहिलात?

सासरे: उघडतो. आज मी कुठे बसू?