बसची पायरी आणि आमचे साडू

विषय : बसची पहिली पायरी वीतभर खाली आणण्याबाबत. संदर्भ : माझा अर्ज, त्यामागची सहा स्मरणपत्रे आणि माझा साडू.

आता यात साडू कुठून आला, असं तुम्ही विचाराल... अहो, तोच तर आला ना मध्ये. तुम्हाला सांगतो, मला त्याचा हेवा वाटत नाही, पण बावीस देशांनी मिळून एक महामंडळ काढलंय, कुठल्याही देशातली बस त्याच्याच नियमाने बनते, आणि आमच्या हिचे गुडघे असे की बस आली की ही पायरीकडे बघते, म्हणते, 'जाऊ दे, पुढची बघू', आणि पुढचीही तेवढीच उंच, म्हणून मी, चौतीस वर्षं मसुदे लिहिलेला कारकून, समास सोडून सुवाच्य अर्ज केला. उत्तर काय, तर 'आपला अर्ज मिळाला'.

आणि हा साडू. बस बनवणाऱ्यांच्या संघटनेचा माणूस, महामंडळासमोरच ऑफिस, काम म्हणाल तर तिथल्या अधिकाऱ्यांबरोबर कॉफी पिणं. गेल्या महिन्यात नवा नियम निघाला, पायरी 'उत्पादकास सोयीचे असेल तितकी' खाली असावी. आमच्याकडे जेवताना म्हणतो कसा, 'साडूभाऊ, वाक्य आपलंच. अधिकारी बिचारे कामात असतात, आपण लिहून द्यायचं, ते चिकटवतात.' चिकटवतात? माझं एक वाक्य कधी साहेबांच्या लाल शाईतून जिवंत सुटलं नाही, 'सविनय'सुद्धा खोडायचे, आणि याचं वाक्य बावीस देशांत, जसंच्या तसं... हेवा नाही वाटत मला, पण घास अडकणार की नाही?

हिनेच कोपर मारलं, 'विचारा ना त्यांना.' विचारलं, ताटात बघत. 'आमचंही एखादं वाक्य चिकटवा की.' तो म्हणाला, 'एकट्यादुकट्याचं कोण ऐकतं? तुमची संघटना कुठली?' म्हटलं, 'मी आणि ही.' मेहुणी हसली. ही हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी संघटना काढली. अध्यक्षा ही, चिटणीस मी. तर नोंदणीला अध्यक्षांनी महामंडळात समक्ष येऊन सही करायची म्हणे. साडूची गाडी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. हेवा नाही हो, आपलं असंच. स्टॉपवर गेलो, बस आली, अध्यक्षांनी पायरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'पुढची बघू.'

समक्ष हजेरीतून सूट मिळावी म्हणून अर्ज केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.