आजोबांचा कागद संपलाय

...आणि वर माझा भाऊ म्हणतो, "ताई, पाच मिनिटांचं काम!" तुम्हाला सांगते, त्या पाच मिनिटांत माझा अख्खा रविवार गेला, चहा तसाच गार झाला, आणि सासूबाईंचं तीनदा विचारून झालं, "सापडले का गं?" सापडले का! जसे काही बाजारात हरवलेत! अहो, कपाटावर चादरींच्या शेजारी काळा डबा आहे, सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर. जाण्याआधी नातीसाठी सत्तावीस गोष्टी भरून ठेवल्यात त्यात, स्वतःच्या आवाजात. डबा चालू, दिवा लुकलुकतोय, आणि आमच्या टॅबला त्याचा पत्ता सापडत नाही. घरातल्या घरात, बरं का!

पत्ता म्हणजे आकड्यांची ही लांब माळ, ती फक्त सासऱ्यांना पाठ. "बाबा, गोष्ट लावा" म्हटलं की लागायची... कशी लागते, हे विचारतंय कोण? मी विचारायला हवं होतं. मला सगळं नंतर सुचतं. नवरा तर त्या कपाटाकडे बघतही नाही, चादरसुद्धा मी काढून द्यायची. आणि परवा चिमणी, साडेचार वर्षांची माझी लेक, दूध ढवळत विचारते, "आई, आजोबा कसे बोलायचे?" चार महिन्यांत विसरली हो?

म्हणून भावाला फोन. "राउटरमध्ये घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते, डब्याच्या नंबरासमोर नाव लिही, मग नावानं सापडेल." एकेक नंबर दाबत डबा शोधला. नाव काय देऊ? त्यांचं खरं नाव लिहायला बोट धजेना. लिहिलं 'आजोबा'. टॅबवर तसंच बटण केलं, दाबलं... उघडलं! मी घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात वीज गेली. आली. चिमणीनं बटण दाबलं, सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं, "कागद संपला आहे."

चिमणीचा ओठ बाहेर. "आजोबांचा?"

पुन्हा भाऊ. "अगं, नंबर राखून नाही ठेवलास? वीज आली की राउटर नव्यानं नंबर वाटतो. प्रिंटर आधी जागा झाला, त्यानं पटकावला!" म्हणजे बघा, माणसाची जागा प्रिंटरनं घेतली. घरातल्या घरात, बरं का!

नंबर राखला.

"आता दुसऱ्या कुणाला नाही ना मिळणार?" सासूबाई.

"नाही, आई. तो त्यांचाच."

त्यांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता.

बटण दाबलं. खाकरणं... आणि, "हं, कुठे होतो आपण? थांब, आधी ते संपव, मग पुढचं." ज्या दुधासाठी मी सकाळपासून हातापाया पडत होते, ते चिमणीनं एका दमात संपवलं! मागे वळून बघते तर दारात नवरा, कधी येऊन उभा राहिला कोण जाणे... माझा तो गार चहा उचलला आणि मुकाट्यानं तोही संपवला.

माणूस जाऊन चार महिने झाले, तरी सगळे ऐकतात त्यांचंच. मला कोण विचारतंय... घरातल्या घरात, बरं का!