आधी जाऊन बघून ये

मंडळी, दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, सकाळी आठ वाजता, पाण्याच्या टाकीपाशी उभा असताना माझं सगळं बदललं. ते कसं, एवढंच सांगायला उभा आहे. रोज याच खोलीतून गावाशी बोलतो. आज समोर तुम्ही आहात आणि मामांची खुर्ची रिकामी आहे.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. सगळं गाव ज्यांना मामा म्हणायचं, त्यांचं इथं काष्टीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गावाला स्वतःचा रेडिओ असावा, हे त्यांच्या मनानं घेतलं. लायसन कोण देणार? मग मामांनी हवेचा नाद सोडला आणि वायर धरली. या खोलीत माईक, गावात खांबांवर चार भोंगे. बाजारभाव, लाईट जाण्याची वेळ, हरवलेली शेळी, कुणाचं मयत. वाचणारे आम्ही सगळे बिनपगारी.

मी कॉलेज अर्धवट सोडून आलेला. खोटं बोलणार नाही, मी सेवा करायला आलो नव्हतो. तिसरा भोंगा एका घरासमोर होता आणि त्या घरात एक मुलगी होती. माझा आवाज रोज तिच्या अंगणात पडायचा. तेवढं मला पुरायचं.

बाकी सगळा वैताग. वायर चोरीला जायची. कुणी म्हणायचं आवाज लई मोठा, कुणी म्हणायचं ऐकूच येत न्हाई. मी चिडायचो. मामा मान वर न करता म्हणायचे, "शिव्या देत्यात म्हंजी ऐकत्यात."

मामांचे नियम दोनच. दार लोटल्याशिवाय माईक चालू करायचा नाही, नाहीतर रस्त्यावरचे टेम्पोच गावभर वाजतात. आणि मयताची चिठ्ठी आली, तर आधी जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. मगच वाचायचं.

त्या शनिवारी, बाजारच्या दिवशी, मला कळलं की तिचं लग्न ठरलं. राहात्याला. त्यातच चिठ्ठी आली, वस्तीवरचे बाबूतात्या गेले. मी बघायला गेलो नाही. वाचून टाकलं.

चिठ्ठी लिहिणाऱ्यानं गोंधळ केला होता. वारले होते तात्यांचे व्याही. तात्या बाजारात मेथी घेत होते. पिशवीसकट या दारात येऊन उभे राहिले. "आलो हाय बघ. आता उचलायला मानसं बी तूच बोलव."

तात्या, तुम्ही पुढं बसून हसताय. पण तुमची लेक त्या दिवशी अनवाणी पळत आली होती. ते मी विसरलेलो नाही.

मामा म्हणाले, उद्या सकाळी माईकवर माफी माग. तिच्या अंगणात माझी माफी पडणार? मी पेटलो. फुकट राबायचं आणि वर नाक घासायचं? मामांना नको नको ते बोललो. हे दार असं आपटलं, की कडी निखळली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी टाकीपाशी उभा होतो, आणि भोंग्यातून मामांचा आवाज आला. "काल तात्यांची खोटी बातमी गेली. चूक माझी हाय. वाचनाऱ्याचं मन थाऱ्यावर न्हवतं, ते मला दिसलं हुतं. तरी मी त्याला माईकवर बसू दिलं."

माझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही.

मी परत आलो. मामांनी नुसता स्क्रूड्रायव्हर पुढं केला. कडी मी बसवली. माफी मात्र मागायची राहिली. आज मागू, उद्या मागू.

ती राहात्याला गेली. तिथवर आपली वायर जात नाही. तरी मी वाचत राहिलो. का? एकदा दोन दिवस लाईट नव्हती, भोंगे मुके. वरच्या आळीच्या गंगूबाई काठी टेकत आल्या. "आवाज न्हाई आला, म्हनलं पोरं बरी हायती का बघावं." मंडळी, असा पगार कुठल्या नोकरीत मिळतो?

परवा मामांचा मुलगा मामा गेल्याची चिठ्ठी घेऊन आला. पोटच्या पोराची चिठ्ठी. तरी मी म्हणालो, थांब. मामांच्या घरी गेलो. पाहिलं. पायांना हात लावला. मग दार लोटून वाचलं.

आत्ता बोलता बोलता माझ्या हातात एक चिठ्ठी आली आहे. मळ्यातल्या एक आजी गेल्याची. मला निघायला हवं. बघून यायला हवं.

तुम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहा. हा माईक मघापासून चालू आहे, चालूच राहू दे. चारही भोंग्यांतून गावाला ही शांतता ऐकू जाऊ दे. त्याआधी, सगळ्या गावादेखत एकच. मामा, चूक माझी होती. जयभीम.

मी बाहेर पडतो. दार ओढून घेतो. हळूच.