अष्टमीचं पाणी

जागृती : मला फक्त एवढं सांग निमेश, तपासणी चालवलीस की नाही? हो की नाही?

निमेश : आधी खाली बस.

जागृती : बसत नाही! तिकडे माझ्या भावाच्या हाताला प्लास्टर घालतायत, आणि तू मला खुर्ची दाखवतोस?

(बोईसरमधलं दोघांचं दोन टेबलांचं ऑफिस. भरतीचं पाणी किती चढणार ते सांगणारा प्रोग्रॅम जागृतीनं लिहिला, घिवलीला मच्छीमारांच्या सोसायटीत जाऊन तो बसवला निमेशनं. आजचा पहिलाच दिवस. सोसायटीच्या दिव्यांच्या पाटीवरचा आकडा धरून, वळसा टाळून पहाटे खडकावरच्या जवळच्या वाटेनं निघालेली तिच्या भावाची, दर्पणची बोट खडकावर आपटली. जागृती तेव्हापासून पेटली आहे, आणि पेटायला कारणही तसंच आहे.)

निमेश : प्रोग्रॅम तू दिलास तसाच बसवला. एक ओळही बदललेली नाही.

जागृती : प्रोग्रॅमचं कोण विचारतंय? त्याच्या खाली ती गणिताची लायब्ररी आहे ना, तिचं बोल. माझ्या लिनक्सवर मी ती मूळ कोडपासून कम्पाइल केली, दोनशे तपासण्या चालवल्या, सगळ्या पास. तुझ्या मॅकवर केली, तिथेही पास. सोसायटीचं मशीन विंडोजचं. तिथे काय झालं?

निमेश : तिथे तीन दिवस घाम गाळला मी. आधी कम्पायलर सापडेना, तो सापडला तर एक फाइल सापडेना. ती आणली तर निम्म्यात येऊन अडकायचं. ज्या दिवशी एकही एरर न येता लायब्ररी बिल्ड झाली, त्या दिवशी सगळ्या सोसायटीला चहा पाजला मी.

जागृती : चहा पाजला! अरे, बिल्ड झाली म्हणजे बरोबर झाली का? लिनक्सवर ‘लाँग’ आकड्याला आठ बाइट मिळतात, विंडोजवर चारच. आपण वेळ मोजतो मिलिसेकंदांत. एवढा मोठा आकडा चार बाइटांत मावेल कसा? वरचा भाग कापला गेला, आणि झाली भलतीच तारीख! आज अष्टमी, भांगाचं पाणी, सगळ्यात लहान भरती, चढून चढून चढणार किती? पाटीवर मात्र उधाण! तपासणी चालवली असतीस तर पहिल्या मिनिटाला लाल अक्षरं दिसली असती.

निमेश : झालं बोलून?

जागृती : नाही झालं.

निमेश : मग हा कागद वाच आणि पुढचं बोल. विंडोजवर लायब्ररी कशी बसवायची, ते तूच लिहून दिलं होतंस. सातवी ओळ. मोठ्यानं वाच.

जागृती : “विंडोजवर तपासणी वगळ. जुन्या मशीनवर तासभर खाते. माझ्याकडे सगळ्या पास आहेत.”

निमेश : अक्षर कोणाचं आहे?

जागृती : माझं.

निमेश : तरी मी फोन केला होता. तू म्हणालीस, गणित ते गणित, मशीन बदललं म्हणून बदलतं का? मी गप्प बसलो. ती माझी चूक, कबूल. पण सकाळपासून तू ज्यासाठी माझ्यावर ओरडतेयस ना, ती नाही.

रामा : (जिना चढून आत येत) कोन वरडतंय? खाली रिक्षावाल्यांना पन ऐकू येतंय समदं.

जागृती : बाबा! दर्पण कसा हाय?

रामा : हात दोन ठिकानी मोडला. डोकं वाचलं ते नशीब. बोटीच्या बुडाची फली फुटली, ती गेली उडत. पन आता माझं ऐक. सांजच्या भरतीला एकवीस बोटी निघायच्या हायत. पाटीवर तुझं उधान तसंच झलकतंय. बोटी चालवनारे अर्धे तांडेल म्हनतात, पहाटंला दर्पणच चुकला, पाटी खरी. तेवढे खडकावरूनच जानार. काय सांगू त्यांना?

जागृती : नाय! कोनालाच जाऊ देऊ नका खडकावरून. निमेश, सोसायटीत हिराताईला फोन लाव. पाटी बंद कर म्हणावं. वायरच उपटून टाक म्हणावं.

निमेश : लावतोय.

रामा : नि कोनाची चूक, ते पन आत्ताच सांग. याची काय? याची आसंल तर हितंच कानाखाली देतो.

निमेश : काका, अहो…

जागृती : याची नाय. माझी हाय.

रामा : त्याला वाचवू नको.

जागृती : वाचवत नाय बाबा. तपासायची गरज नाय, असं मीच लिहून दिलं त्याला. हे बघा, माझंच अक्षर. घमेंड होती मला. माझा आकडा म्हंजे चुकनारच नाय! द्या, मलाच द्या कानाखाली.

निमेश : हिराताईंनी पाटी बंद केली. सगळ्या तांडेलांना सांगतायत, वळसा घालूनच जा.

जागृती : बाबा, असे बघू नका माझ्याकडे. वरडा की!

रामा : कोनत्या तोंडानं वरडू? दर्पण नायच म्हनत होता. बाबा, अष्टमी हाय, खडकावर पानी नाय मिलनार, वलसा घालून जातो, म्हनला. मी त्याला समद्यांदेखत शिवी घातली. बहिनीवर भरवसा नाय काय तुझा, म्हटलं. तवा गेला तो.

जागृती : पन अष्टमी हाय, हे तुमाला पन ठावं होतं ना?

रामा : चालीस वर्सं तिथी बोटांवर मोजून दर्यात जातोय मी. आज पन मोजली. हिशेबात पानी थोडंच येत होतं.

जागृती : मग?

रामा : मग तुझा आकडा बघितला, नि मोजलेली बोटं मिटून घेतली.