डिंक आणि टिचबटण

हिमानी : आजोबा, खालच्या कवळीला हे काय चिकटलं आहे? एवढ्या वर्षांत दातांच्या दवाखान्यात असा पदार्थ मी पाहिला नाही.

इंद्रभान : मले काय मालूम, मॅडम.

शालूबाई : डिंक हाय, बाभयीचा. लाडवासाठी ठेवला होता म्या. डबा रिकामा आन् झाकन लागलेलं दिसलं, तवाच समजलं, आमच्या अमडापूरच्या उंदरायले झाकन लावता येत नाई.

इंद्रभान : त्यानं पतंग चिकटते, मंग दात काऊन नाई?

हिमानी : तुमची खालची हिरडी झिजून सपाट झाली आहे. कवळी धरणार कशाला? पण डिंकापर्यंत पाळी का यावी?

शालूबाई : गावात कोनाचंबी लगन असो, मंगलाष्टकं हेच म्हनतात. मांगच्या लग्नात 'शुभमंगल' म्हनले आन् दात उडाले, अंतरपाटावरून सीधे नवरदेवाच्या पायाशी! लोकायनं त्या दातायवरबी अक्षता टाकल्या.

इंद्रभान : हास. पोटभर हास.

शालूबाई : तवापासून तोंड बंद. आता वैशाखात भार्गवीचं लगन. नात म्हन्ते, आबाच पायजेत. हे म्हनतात, टेप लावा.

हिमानी : खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवू, बारीक स्क्रूसारखी. तीन-एक महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं. मग कवळी वरून टक्कन बसते, टिचबटणासारखी.

इंद्रभान : जबड्याले भोक पाडसान?

हिमानी : बधिर करून.

शालूबाई : मंग थे निंघनार त नाई ना? भांडन झालं की हे दात काहाडून खिशात टाकतात आन् बोटानं दावतात, बोलता येत नाई म्हून.

हिमानी : आजी, रोज काढून स्वच्छ करावीच लागते.

इंद्रभान : काहाडता येते? मंग बसवा, मॅडम. आजच बसवा.

(साडेतीन महिन्यांनी, त्याच खुर्चीत.)

हिमानी : ऐकलंत? टक्कन बसली. आता म्हणा.

शालूबाई : अवो, जबडा काऊन धरून राह्यले? सोडा हात.

इंद्रभान : शुभमंगल...

हिमानी : पुढे?

शालूबाई : थांबा, मॅडम. हे इथंच अटकतात. गोठ्यात म्हशीपुढं म्हनतात, तवाबी इथंच.

हिमानी : आजोबा, ती हलणार नाही. माझा शब्द.

शालूबाई : तुमच्या शब्दानं नाई व्हत. अवो, इकडं पाहा, माह्याकडं. पदर पसरला म्या. उडाले त झेलतो.

इंद्रभान : ...सावधान.

शालूबाई : नाई उडाले! आखीन एकदा म्हना.

इंद्रभान : मिट आता थो पदर. मॅडम पाहून राह्यल्या.